ऑलिम्पिकच्या पंधरवड्यासाठी काही हितोपदेश

2028 च्या जुलैत लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक आहे. तिथे उतरू पाहणारे खेळाडू केव्हाच कामाला लागले आहेत. प्रश्न आपला आहे. दर चार वर्षांनी जेमतेम पंधरवडाभर सर्व खेळांचे तज्ज्ञ म्हणून वावरण्याची जबाबदारी ज्या कोट्यवधी नागरिकांवर येऊन पडते, त्यांच्यासाठी ना शिबिर असते ना प्रशिक्षक. ती उणीव काही अंशी भरून निघावी, या सद्हेतूने पुढील सूचना लिहिल्या आहेत. त्या निष्ठेने पाळल्यास मैदानावर पाऊल न ठेवता, किंबहुना दुसऱ्यालाही ते ठेवू न देता, जाज्वल्य क्रीडाप्रेम सिद्ध करता येते.

सर्वप्रथम गणित पक्के करावे. 2024 मध्ये पॅरिसला आपले 117 खेळाडू गेले, एक रौप्य आणि पाच कांस्य अशी सहा पदके आली आणि पदकतालिकेत आपण 71 व्या स्थानी राहिलो. एवढी माहिती हाती येताच सहाला 140 कोटींनी भागावे आणि येणारा अपूर्णांक चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवावा. जोडीला सेंट लुशियाचे उदाहरण द्यावे. महाराष्ट्रातल्या लहानात लहान महापालिकेपेक्षाही कमी वस्तीचे ते बेट, आणि त्या बेटाची ज्युलियन आल्फ्रेड पॅरिसमध्ये शंभर मीटरचे सुवर्ण घेऊन गेली. ऐकणारे खजील होतात. आपण होण्याचे कारण नाही, कारण भागाकार करणारा स्वतःला त्या 140 कोटींत कधीच धरत नसतो. या 140 कोटींपैकी किती मुलांना रोज तासभर धावायला मोकळी जमीन मिळते, हा आकडा मात्र कागदावर घेऊ नये. त्याने भागाकार बिघडतो.

इतिहास सांगताना निवड करावी. हॉकीची आठ सुवर्णपदके तोंडपाठ असावीत, आणि 1932 साली याच लॉस एंजेलिसमध्ये आपण अमेरिकेला 24-1 असे हरवले हे तर अवश्य सांगावे. त्या स्पर्धेत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ होते, हे सांगण्याची गरज नाही. (रूपसिंगांचे दहा आणि ध्यानचंदांचे आठ गोल त्यामुळे लहान होत नाहीत, पण तो विचार करायला वेळ लागतो आणि तोवर ऐकणारा निघून जातो.) 1936 साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा 8-1 असा पराभव झाल्यावर हिटलरने ध्यानचंदांना सैन्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी देऊ केली, ही कथा सांगताना हुद्दा दर वेळी एक पायरी वर चढवला तरी चालतो. पुढे 1976 मध्ये माँट्रियलला हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकणारे आपण सातवे आलो. तेव्हापासूनचा सर्व दोष त्या हिरवळीचा आहे. तसली हिरवळ आपल्याकडे वेळेत का अंथरली गेली नाही, हा प्रश्न क्रीडाप्रेमाच्या कक्षेत येत नाही.

पदकांची एकूण संख्या अगदीच तोकडी वाटली तर 1900 सालच्या नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यपदके धरावीत. ब्रिटिशही त्यांच्यावर हक्क सांगतात, पण आपला आकडा 41 होतो.

पदक थोडक्यात हुकल्यास ‘नशीब’ हा एकच शब्द वापरावा. आपल्या चौथ्या क्रमांकाची परंपरा पदकांच्या परंपरेइतकीच जुनी आहे आणि तिचा आरंभ मराठी मातीतून झाला, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने आणि दोराबजी टाटांच्या आर्थिक पाठबळाने जो पहिला चमू गेला, त्यातले कुस्तीगीर रणधीर शिंदे चौथे आले. त्याच चमूतल्या फडेप्पा चौगुल्यांनी मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. 1956 साली मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि आपला फुटबॉल संघ चौथा राहिला. 1960 साली रोममध्ये मिल्खासिंग चौथे. 1984 साली पी. टी. उषा सेकंदाच्या एक शतांश भागाने चौथी. पॅरिसमध्ये तर एकाच ऑलिम्पिकमध्ये सहा वेळा आपण चौथे. त्या 1984 साली क्रीडाग्रामात आपल्याजोगे पोषक अन्न मिळाले नाही, लोणचे आणि भाताची पेज खाऊन धावावे लागले, असे उषा यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. ही पेजही नशिबाच्याच सदरात जमा करावी.

विनेश फोगाट 100 ग्रॅम जास्त भरली, तेव्हा ज्यांनी तिला आहार शिकवला त्यांना वेगळ्या मार्गदर्शनाची आवश्यकता नाही.

यानंतर खाशाबा जाधवांचे स्मरण कसे करावे, हे सांगितले पाहिजे. 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. तो साजरा करण्याचा एक आदर्श नमुना यंदा मला भाचीच्या शाळेत पाहायला मिळाला, आणि खरे तर त्या नमुन्यामुळेच हा लेख लिहिणे भाग पडले. सकाळी आठ वाजता मुलांना खेळाच्या गणवेशात बोलावले होते. मैदानावर मांडव होता, मांडवात खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर मान्यवर होते. मुले उन्हात सतरंजीवर मांडी घालून बसली होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि मग भाषणे, असा तो खेळ दोन तासांहून अधिक चालला. प्रमुख पाहुण्यांनी खाशाबांना हेलसिंकीचे सुवर्णपदक देऊन टाकले आणि व्यासपीठावरील एकाही गुरुजनाला ते कांस्य होते हे सांगावेसे वाटले नाही. शाळेचे क्रीडाशिक्षक ध्वनिक्षेपकाच्या वायरी सांभाळत होते. शेवटी मागच्या रांगेतल्या पाच-सहा मुली कंटाळून मांडवामागे लंगडी खेळू लागल्या, तेव्हा एक बाई धावत गेल्या आणि ‘धिंगाणा बंद करा, क्रीडा दिनाचा कार्यक्रम चालू आहे’ असे म्हणून त्यांनी मुलींना पुन्हा सतरंजीवर आणून बसवले. त्या सकाळी त्या मैदानावर कोणी धावले असेल तर त्या बाईच. कार्यक्रम संपल्यावर मुलांना रेंगाळू न देता घरी पाठवण्यात आले, कारण संध्याकाळी तोच मांडव एका स्वागत समारंभासाठी भाड्याने दिलेला होता.

तर खाशाबांचे स्मरण असे करावे. त्यांच्या तसबिरीला हार घालावा आणि त्यांच्या आयुष्यात काय घडले ते मुलांच्या कानांवर पडू देऊ नये. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशाने लंडनला गेला. मातीत वाढलेला असून तिथे मॅटवर लढला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा निवडीतच अडवणूक झाली. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून, पुन्हा कुस्ती लावून आणि ती जिंकून त्याला आपली जागा मिळवावी लागली. जागा मिळाली तर पैसे नाहीत. गावकऱ्यांनी आणि दुकानदारांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका प्राध्यापकाचे घर गहाण पडल्यावर स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले! तिकडे जपानच्या इशिई यांच्याशी दीर्घ लढत झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, आणि मधल्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम बजावून सांगायला एकही भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. असे अधिकारी नेमके त्या वेळी कुठे असतात, हे जिल्हा स्पर्धेला मुलाला घेऊन गेलेल्या कोणत्याही पालकाला ठाऊक आहे.

परत आल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीला आपण कधीच कमी पडलेलो नाही. मिरवणूक संपली, आणि घर सोडवण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून पैसे जमवले. 1955 साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि नोकरीची बहुतेक वर्षे बढतीच्या प्रतीक्षेत गेली. 1984 मध्ये रस्त्यावरील अपघातात ते गेले. साधा अर्जुन पुरस्कार मिळायला त्यांना आधी मरावे लागले आणि त्यानंतरही पंधराहून अधिक वर्षे थांबावे लागले. गावात त्यांच्या नावाचे कुस्ती संकुल उभे राहण्याची वाट पाहून थकलेल्या कुटुंबावर 2017 साली ते पदक लिलावात काढण्याची भाषा करण्याची पाळी आली. आणि आपण? आपण त्यांच्या जन्मदिवशी मुलींची लंगडी बंद पाडतो.

क्षमा असावी. सूचनांकडे वळतो.

मुरलीकांत पेटकरांविषयी एक छोटी खबरदारी घ्यावी. 1965 च्या युद्धात गोळ्या झेललेल्या सांगली जिल्ह्यातील या जवानाने 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, म्हणजे अभिनव बिंद्राच्या 36 वर्षे आधी. त्यांना पद्मश्री 2018 साली मिळाली. आपल्याला त्यांचे नाव चित्रपट आल्यावर कळले, हे कोणाला सांगू नये. ‘मला आधीपासून माहीत होते’ असे म्हणावे. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये आपल्याला सात सुवर्णांसह 29 पदके मिळाली तेव्हा टीव्ही बंद होता, हेही सांगू नये.

खेळाडूच्या नोकरीची चिंता पदक मिळाल्यानंतरच करावी. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2015 पासून रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 2024 मध्ये त्याने नेमबाजीत कांस्य जिंकले, खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळाले, आणि त्याला लगोलग बढती मिळाली. पदक गळ्यात पडेपर्यंत त्याचे गुण कोणाला दिसत नव्हते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अंतिम फेरीत दोन नेम चुकून तो चौथा आला असता तर आज तो काय तपासत असता, असेही विचारू नये.

यजमानपदाच्या बातमीवर छाती अवश्य फुगवावी. 1951 आणि 1982 च्या आशियाई स्पर्धा दिल्लीत झाल्या, 2010 चे राष्ट्रकुल दिल्लीत झाले, 2030 चे अहमदाबादला होणार आहे आणि 2036 च्या ऑलिम्पिकवर आपला डोळा आहे. 2010 मध्ये मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल स्पर्धेआधीच कोसळला होता. त्याच स्पर्धेत आपल्या खेळाडूंनी 101 पदके मिळवली होती. यांतले काय लक्षात राहिले आणि का राहिले, याचा दोष खेळाडूंकडे जात नाही.

आणि आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी खेळात चमकू लागल्यास ‘आधी दहावी होऊ दे’ असे म्हणावे. ललिता बाबर रिओत स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीची, अंतिम फेरी धावली आणि अविनाश साबळे पॅरिसमध्ये. माण आणि आष्टीसारख्या दुष्काळी तालुक्यांतली ही पोरे इथवर पोहोचली, याचे आपण टाळ्या वाजवून कौतुक करावे आणि टाळ्या वाजवून झाल्यावर आपल्या मुलाला शिकवणीला सोडून यावे.

आता पुरे. मला यापुढे उपरोधाने लिहिणे जमत नाही, कारण वर लिहिलेले सगळे तुम्ही सल्ल्याशिवायच करत आहात. तुमच्या सोसायटीत ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी सरकारने नाही लावली, तुम्ही सभेत हात वर करून लावली. खेळाचा तास गणिताच्या बाईंना दिला तेव्हा पालकसभेत त्यांचे आभार तुम्ही मानलेत. आठवीत विभागीय स्पर्धेला निवडली गेलेली मुलगी नववीत ‘उन्हात काळी होते’ म्हणून घरी बसवलीत, तीही तुम्हीच. शाळेचे मैदान लग्नाला भाड्याने गेले, त्याची तक्रार करणे दूरच, त्याच लग्नात तुम्ही जेवून आलात आणि पंगतीत भारताला पदके का मिळत नाहीत यावर बोललात. अधिकारी नालायक आहेत, संघटनांत राजकारण आहे, हे सगळे खरे आहे. पण त्यांतल्या एकाही अधिकाऱ्याने तुमच्या मुलाच्या हातातली बॅट काढून घेतलेली नाही. आणि जे कोणी या सगळ्यातून सुटून, कर्ज काढून, शेत विकून, फौजेत भरती होऊन तिथवर पोहोचतात, त्यांना तुम्ही घरी बसून ‘देशाचे नाक कापले’ म्हणता. लाज वाटली पाहिजे. पुढच्या पालकसभेत उभे राहून एवढेच विचारा, की आठवड्यात खेळाचे तास किती आहेत आणि त्यांतले प्रत्यक्षात किती होतात. तेवढे विचारण्याची हिंमत नसेल, तर लॉस एंजेलिसमध्ये चौथ्या येणाऱ्या पोरीविषयी एक अक्षर बोलू नका.