ऑटोक्रोमची एका ओळीत बोळवण नको
रंगीत छायाचित्रणावरचा तुमचा लेख आवडला, पण ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोमला, म्हणजे काचेवर रंगीत छायाचित्र टिपण्याच्या त्यांच्या पद्धतीला, त्यात जेमतेम एक ओळ मिळाली हे खटकलं. (१८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्यांची चलचित्रं दाखवली गेली, तेच हे बंधू.) १९०७ साली बाजारात आलेल्या या काचेवरचे रंग चक्क बटाट्याच्या स्टार्चचे! डोळ्यांना दिसणारही नाहीत असे कण नारिंगी, हिरवे, जांभळे रंगवून काचेवर एकाच थरात पसरायचे, मधल्या फटींत कोळशाची पूड भरायची आणि वर कृष्णधवल इमल्शन, म्हणजे प्रकाशाने चित्र उमटणारा लेप. प्रकाश या कणांतून गाळूनच इमल्शनपर्यंत पोचायचा, म्हणून भर उन्हातही सेकंदभर तरी स्तब्ध राहावं लागे. निगेटिव्ह नसल्यामुळे प्रत्येक काच एकमेव. फ्रेंच बँकर अल्बेर कान यांनी देशोदेशी छायाचित्रकार पाठवून अशा सुमारे ७२,००० काचा जमवल्या. ऑटोक्रोमवर स्वतंत्र लेख जरूर लिहा.