पाणी कुठून जाते ते पाह्यलं का?

माझे बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर होते. लहानपणी आम्हाला कुठलंही देऊळ, किल्ला, वाडा पाहायला नेलं की बाकीचे सगळे मूर्ती नाहीतर दरवाजा पाहून राहिलेले असायचे आणि बाबा आधी मान वर करून छताकडे पाहायचे, मग खाली वाकून जोत्याकडे. परत येताना एसटीत त्यांचा प्रश्न ठरलेला. "पाणी कुठून जाते ते पाह्यलं का?" आम्ही म्हणायचो नाही. "मंग काय पाह्यलं?" रागावून नाही हं, खरंच कुतूहलानं विचारायचे.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. मी पन्नाशीत आहे, शाळेत शिकवते, आणि फिरायला जायचं म्हटलं की समुद्र-बर्फापेक्षा मला जुनी इमारत जास्त ओढते. मागच्या हिवाळ्यात आमच्या नागपूरच्या सोसायटीतल्या बारा जणांबरोबर इंदूर-उज्जैन-महेश्वर-मांडू अशी टूर केली. टूरवाल्यांनी दिलेल्या कागदावर मांडूला तीन तास होते, जेवण धरून. मांडू म्हणजे माळव्याच्या सुलतानांची जुनी राजधानी, आणि तीन तास! जहाज महालाला पंचवीस मिनिटं मिळाली, त्यातली दहा ग्रुप फोटोत गेली, मग शिट्टी वाजली आणि "चला चला, पुढचा पॉइंट." बसमध्ये बसले तेव्हा माझ्या डोळ्यात पाणीच आलं होतं, शेजारच्या काकूंना वाटलं तब्येत बिघडली. मला फक्त बाबांचा प्रश्न ऐकू येत होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून ऑगस्टमध्ये परत गेले. आम्ही दोघंच, दोन रात्री, फक्त मांडू. घरात सगळे म्हणाले पावसाळ्यात काहून जाता, फोटो पण येणार नाहीत नीट. आणि मला आज जे सांगायचं आहे ते हेच, की इमारत पाहायची असेल तर तिच्या कामाच्या वेळेला जा. पावसासाठी बांधलेली पावसात पाहा, उन्हासाठी बांधलेली मे महिन्यात पाहा. डिसेंबरच्या गुलाबी थंडीत सगळ्याच इमारती छान दिसतात पण त्या तेव्हा काही करत नसतात, नुसत्या उभ्या असतात.

जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव या दोन तळ्यांच्या मधे लांबच लांब पसरलेला आहे, खलजी सुलतान गियासुद्दीनच्या काळातला मानतात, म्हणजे पंधरावं शतक. हिवाळ्यात गेलो तेव्हा गाईड म्हणाला "जहाजासारखा दिसतो म्हणून जहाज महाल" आणि सगळ्यांनी हो हो केलं. ऑगस्टमध्ये दोन्ही तळी भरलेली होती, ढग खाली उतरलेले, वारा सुटला की पाण्यावर लाटा येत होत्या आणि गच्चीवर उभं राहिलं की खरंच ती इमारत चालायला लागल्यासारखी वाटते. वरच्या पाण्यासाठी दगडात कोरलेली पन्हळ आहे, सरळ नाही, गोल गोल वळणं घेत जाणारी, हौदाकडे जाते. हिवाळ्यात मी ती कोरडी पाहिली होती आणि नक्षी समजून पुढे निघाले होते. आता त्यात पाणी होतं. वरून धो धो येणारं पाणी त्या वळणांमध्ये शिरलं की हळू व्हायचं, बरोबर आलेला पालापाचोळा आणि माती मागे राहायची आणि पुढे पाणी निवांत वाहत जायचं. मी तिथं छत्री घेऊन पाऊण तास बसले असेन. आमचे हे दोनदा चहा पिऊन आले. बाबा, पाह्यलं हो पाणी कुठून जाते ते!

मांडूतच माळव्याचा सुलतान होशंगशाह याचा मकबरा आहे, पांढऱ्या संगमरवराचा, आपल्या देशातल्या संगमरवरी मकबऱ्यांमधला फार जुना. याच्यावरून ताजमहाल सुचला असं गाईड सांगतात. पण दरवाज्यावर एक लेख आहे तो १६५९ सालचा, शाहजहानच्या पदरचे वास्तुकार, त्यात उस्ताद हमीद, इथे येऊन गेले आणि बांधणाऱ्यांना आदर वाहून गेले असं त्यात आहे. आता १६५९ म्हणजे ताज बांधून झाला होता. म्हणजे विचार करा, जगातली सगळ्यात नावाजलेली इमारत ज्या दरबारानं उभी केली तिथली माणसं कामाची गरज संपल्यावर दोनशे वर्षं जुनं काम पाहायला एवढ्या लांब आली, बैलगाडी-घोड्याच्या काळात, आणि आपण आलो हे लिहून ठेवावं एवढं त्यांना ते महत्त्वाचं वाटलं. ताजची कल्पना इथून गेली की नाही यापेक्षा मला ही गोष्ट कितीतरी मोठी वाटते. इमारत पाहायला प्रवास करणं हा काही आत्ताचा शौक नाही.

नीट न पाहता निघून जाणं मला विजापूरच्या गोल घुमटातही दिसलं होतं. मोहम्मद आदिलशाहचा मकबरा तो, १६५६ चा. वरच्या गॅलरीत गेलो तर टाळ्या, शिट्ट्या, किंकाळ्या, कोणाचं तरी नाव, आणि तो आवाज घुमून घुमून नुसता कल्लोळ. मुलं ओरडणारच, त्यांना काय बोलायचं. पण कोणीतरी त्यांना खाली मधोमध उभं करून वर पाहायला सांगावं नं, की खाली चौकोनी खोली आहे आणि वर गोल टोपी आहे, मग चौकोनावर गोल बसवला कसा? तर कमानी एकमेकींत अशा गुंफल्या आहेत की चौकोनाचा हळूहळू अष्टकोन होतो आणि त्यावर घुमट टेकतो, मधे एकही खांब नाही, आतून जवळपास सव्वाशे फुटांचा व्यास. हे समजायला अर्धा तास शांत बसावं लागतं आणि मान दुखते.

आणि तिथं मान वर करून उभी असताना मला आठवली आपली दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली तिथला स्तूप, वास्तुकार शिवदानमल, १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सांचीवरून रचना घेतली पण सांचीचा स्तूप आतून भरीव आहे आणि हा पोकळ, एकशेवीस फूट उंच, तेवढाच रुंद. म्हणजे विजापूरच्या घुमटाच्या तोडीची पोकळी आपल्या गावात आहे आणि मी विजापूरला जाईपर्यंत तिच्याकडे त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं! परत आल्यावर पुढच्याच रविवारी गेले. आत बसले. एवढी माणसं होती, खेड्यापाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या आया, कडेवर मुलं, पण आवाज नाही. कोणी "शांतता राखा" म्हणत नव्हतं. तसाच मोठा गोल, तिथे लोकांना ओरडावंसं वाटतं आणि इथे बोलणं बंद होतं, आणि याचं कारण फक्त दगड-सिमेंटमध्ये नाही, लोक कशासाठी आले आहेत त्यात आहे. इमारत अर्धी गवंडी बांधतात आणि अर्धी येणारी माणसं.

बाहेर जाऊन पाहण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो की घरचं दिसायला लागतं. दिल्लीला जाऊन आपण राष्ट्रपती भवन, नॉर्थ ब्लॉक पाहतो, पण ते बांधणाऱ्या मंडळींबरोबर काम केलेला मेड नावाचा वास्तुकार, ज्यानं दिल्लीतलं कॅथेड्रल बांधलं, त्यानंच आपल्या सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची इमारत काढली. ९ जानेवारी १९३७ ला पायाभरणी, ६ जानेवारी १९४० ला उद्घाटन. व्हाइसरॉय तिला दगडातली कविता म्हणाले होते. आपण तिथून दिवसातून दोनदा गाडीवर जातो, तोंडाला दुपट्टा बांधून, सिग्नल पाहत. स्टेशनचंही तेच, ती इमारत १५ जानेवारी १९२५ ची, सावनेरकडच्या दगडाची, शंभर वर्षं झाली तिला, आणि आपण तिथे फक्त प्लॅटफॉर्म नंबर पाहतो.

आता उन्हाचं सांगते कारण नागपूरकराला तो विषय कोणी शिकवायची गरज नाही. सेवाग्राम आपल्यापासून पाऊणशे किलोमीटर, शाळेच्या सहलीत सगळे जाऊन आलेले, आणि बहुतेकांना "साधी झोपडी" एवढंच आठवतं. मी मागच्या वर्षी मुद्दाम नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत गेले, दुपारी दीड वाजता. बाहेर अंगण तापून पांढरं पडलं होतं. बापू कुटीच्या ओसरीत पाय ठेवला आणि फरक जाणवला, आत गेल्यावर आणखी. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन, छप्पर एवढं खाली ओढलेलं की भिंतीला ऊन लागतच नाही. ना कूलर ना खसच्या ताट्या. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, ही कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी उभी केली होती, भिंतीवर मातीचं ताडाचं झाड आहे तेही त्यांचंच काम. आणि गांधीजींनी १९३७ च्या 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की आदर्श गावातली घरं पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधलेली असावीत, त्यात उजेड आणि वारा पुरेसा असावा. हे वाक्य मला आधीपासून माहीत होतं, पण ते कळलं त्या दुपारी, घाम वाळत असताना.

नागपूरच्या महाल भागात माझ्या मावशीचा वाडा होता. मधे चौक, चारी बाजूंनी पडवी, जाडजूड मातीच्या भिंती, उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं माजघरात थंड फरशीवर झोपायचो आणि पाऊस आला की चौकात पागोळ्यांखाली गंज-बादल्या लावायचो. पाणी चौकातून मोरीत, मोरीतून मागच्या बोळात. आठ वर्षांपूर्वी तो पाडला. मी मावशीच्या मुलांना दोष देत नाही, वाटे सात झाले होते, भिंतींना ओल आली होती, दुरुस्ती करणारा मिस्त्री मिळत नव्हता, जो यायचा तो सिमेंटच थापायचा. आता तिथे चार मजली बिल्डिंग आहे आणि प्रत्येक खोलीला एसी. पण राजस्थानात जाऊन हवेलीत एका रात्रीचे आठ हजार देऊन "काय मस्त चौक आहे" म्हणणारे आपणच आहोत हे मला टोचतं. मनापासून टोचतं.

लोक म्हणतात तुझं ठीक आहे, सगळ्यांना एवढा वेळ नसतो, आईवडिलांचे गुडघे दुखतात, पोरं बोर होतात. मान्य. पण मग सहा जागांच्या दोन करा नं! गुडघे दुखणाऱ्याला एकाच ओट्यावर दोन तास बसायला मिळालं तर तो आनंदानं बसेल, त्याला हाल होतात ते बसमधून बारा वेळा चढण्या-उतरण्याचे. आणि पोरांचं सांगते. जुलैमध्ये आठवीच्या मुलांना रामटेकला घेऊन गेले होते. गडावर केवल नरसिंहाचं देऊळ आहे, वाकाटकांच्या काळातलं, म्हणजे साधारण दीड हजार वर्षं जुनं, ठोसर बांधणी, नक्षीचा सोस नाही, आत मोठा लाल दगडाचा नरसिंह बसलेला. एरवी लोक माकडांना चणे देत त्याच्यासमोरून निघून जातात. मी इतिहास सांगितलाच नाही आधी. म्हटलं पाऊस सुरू आहे, प्रत्येकानं शोधून काढायचं की या छतावर पडलेलं पाणी खाली कसं येते. बाप्पा बाप्पा! चाळीस पोरं देवळाभोवती पळायला लागली, एक जण पालथा पडून जोत्याखाली पाहून राहिला होता, दोन मुलींनी वहीत दगडांचे सांधे काढले, आणि मग त्यांनीच विचारलं मॅडम हे बांधलं कोणी, केव्हा, एवढा मोठा दगड वर चढवला कसा. तेव्हा मी वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचं नाव घेतलं आणि ते त्यांच्या डोक्यात राहिलं. सहामाहीच्या पेपरात दिसलं मला.

टूरवाल्या भावांनाही एक विनंती आहे, भांडण नाही. कागदावर एक दिवस "एकच जागा" असा ठेवून पाहा. पैसे कमी पडले तर दुपारचं जेवण आम्ही डबा आणू.

आणि माझ्यापुरतं पुढचं ठरलं आहे. १५ ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली ती याच टेकडीवर, पुढे इंग्रजांनी किल्ला बांधला, आणि आज तो सैन्याच्या ताब्यात आहे. मी आतापर्यंत दोनदा गेले, दोन्ही वेळा गर्दीबरोबर चक्कर मारून खाली आले. यंदा टेकडीवरून पाणी कोणत्या बाजूला उतरते ते पाहायचं आहे, पावसाळाच आहे तेव्हा. बाबांची जुनी काळी छत्री नेणार आहे. कोणाला यायचं असेल तर सकाळी साडेसातला झिरो माईलच्या दगडी घोड्यांपाशी भेटा, बूट घसरणारे नको, आणि घाई असणाऱ्यांनी गाडी वेगळी आणा कारण मी लवकर उतरणार नाही.