सिकलसेल आणि आईवरचा आरोप : एक खुलासा

इंदूरमधील मराठी कुटुंबांत सध्या एक संदेश फिरत आहे की, गरोदरपणी आईने लोहाच्या गोळ्या न घेतल्यास बाळाला सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो आणि हा आजार फक्त झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासींमध्येच आढळतो. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि पहिले तर आईवर अन्याय करणारे आहे.

सिकलसेलचे मूळ अकराव्या गुणसूत्रावरील, हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणाऱ्या जनुकातील बदलात आहे. त्यामुळे ऑक्सिजन कमी होताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई आणि वडील दोघेही वाहक (म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच हा बदल असलेले) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, केवळ वाहक होण्याची ५० टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. दोघांपैकी एकच सिकलसेलचा वाहक असेल, तरी दुसरा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक नाही ना, हे पाहावे लागते; कारण दोन्ही बदल एकत्र आले तरी बाळाला आजार होऊ शकतो.

आदिवासी समाजांत प्रमाण अधिक आहे हे खरे. परंतु विदर्भात, जिथे इंदूरच्या अनेक मराठी घरांच्या सोयरिकी जुळतात, हा आजार इतर समाजांतही आढळतो. वाहकाला बहुधा काहीच त्रास होत नसल्याने, लग्न ठरवण्यापूर्वी दोघांनीही हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही, हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारी रक्ततपासणी करून घ्यावी.