स्कॅनवरून नैराश्याचं निदान होत नाही
सांगली-मिरजेच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘नैराश्यात मेंदू कायमचा निकामी होतो, विसरायला लागलात तर लगेच एमआरआय करा.’ हे चुकीचं आहे.

लक्ष न लागणं, विसरणं, साधा निर्णय न होणं ही नैराश्याचीच लक्षणं. माझी आत्या दुधासमोर उभी असायची आणि दूध उतू जायचं. उपचारांनंतर ती पुन्हा भिशीचा हिशेब तोंडी करते. काहींचा हा त्रास रेंगाळतो, तोही डॉक्टरांना सांगावा.

मिरजेत तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनीच समजावलं: मेंदूच्या कामातले फरक संशोधनात दिसतात, पण अनेकांच्या सरासरीत. एकट्याचं निदान बोलून, तपासूनच होतं. स्कॅन सांगितलाच, तर बहुधा दुसरा आजार नाही ना, हे पाहायला.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. मदतीसाठी सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, मोफत.