मोंढ्यात बसून जग कसं जिंकावं

जगातलं सर्वांत प्रभावी साम्राज्य कोणतं, हा प्रश्न लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा निघायच्या आधी, सुशीलाची (म्हणजे चुरमुऱ्यांच्या नाश्त्याची) प्लेट पुढ्यात असताना निकाली काढायचा असतो. सौदा निघाला की माणसं उठतात. म्हणजे हाताशी फार तर अर्धा तास. एवढ्या वेळात पाच हजार वर्षांचा निकाल लावायचा तर वाचन कामाचं नाही, पद्धत पाहिजे.

आधी विजेता ठरवा, मोजमाप मग. उलट्या क्रमानं गेलात तर भलतंच कुणीतरी जिंकतं आणि वर ते मान्य करावं लागतं.

विजेता इंग्रज ठरला असेल तर क्षेत्रफळ काढा. 1920 च्या सुमारास साधारण साडेतीन कोटी चौरस किलोमीटर, जगातल्या जमिनीचा जवळपास चौथा हिस्सा. त्यात कॅनडाचा बर्फ किती आणि ऑस्ट्रेलियाचं वाळवंट किती, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नका. समोर मंगोलवाला असेल तर तो दोन कोटी चाळीस लाख म्हणेल आणि ‘आमचं सलग होतं बरं का’ अशी पुस्ती जोडेल. त्याला एवढंच विचारा, कोणत्या साली? कारण हा आकडा तेराव्या शतकाच्या अखेरीचा असतो. त्यांचा सम्राट मोंगके खान 1259 मध्ये वारला, भाऊबंदकी पेटली आणि राज्याच्या चार वाटण्या झाल्या. फेर ओढून झाल्यावर चौघांचं रान एकाच सातबाऱ्यावर दाखवायचं म्हणजे तलाठीसुद्धा दोनदा विचार करील. इतिहासात मात्र चालतं. तुम्हीच मंगोलवाले असाल तर साल विचारू देऊ नका, आणि चीनमधलं युआन घराणं (1271 ते 1368) आपल्या खात्यात ओढा. चीनवाला तेच घराणं त्याच्या खात्यात धरणार आहेच. धरू द्या. एकच शंभर वर्षं दोघांच्या बेरजेत गेल्यानं आजवर कुणाचं बिघडलेलं नाही.

मोगलांसाठी 1700 च्या आसपासचा नकाशा घ्या, सुमारे चाळीस लाख चौरस किलोमीटर. बादशहा तेव्हा वीस वर्षांपासून दख्खनेत तंबू ठोकून होता, खजिना गळत होता आणि उत्तरेतली वसुली ढिली पडत चालली होती, हे त्या नकाशावर दिसत नाही. नकाशात रंग दिसतो, वसुली दिसत नाही. 1707 मध्ये अहमदनगरला तो वारला आणि खुलताबादेत कबर झाली. म्हणजे सर्वांत मोठा नकाशा आणि सर्वांत मोठी घसरण यांच्यात फार अंतर नाही. म्हणून नकाशा दाखवा आणि लगेच घडी घाला.

याच ठिकाणी कुणीतरी घरचा प्रश्न काढतो, “मग आपण इंग्रजाच्या राज्यात होतो का न्हवतो?” याची दोन उत्तरं खिशात ठेवा. ब्रिटिश साम्राज्य फुगवायचं असेल तर होतो. हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला, तैनाती फौज उभी, आणि त्या साडेतीन कोटींत निजामाचा मुलूखही मोजलेला. आटवायचं असेल तर नव्हतो. शेतसारा निजामाचा, नाणं हाली सिक्का, कागदावर फसली सन, आणि 15 ऑगस्ट 1947 नंतर तेरा महिने वाट पाहून 17 सप्टेंबर 1948 ला सुटका. दोन्ही उत्तरं खरी आहेत. फक्त एकाच बैठकीत दोन्ही देऊ नका.

लोकसंख्येचा आकडा पाहिजे असेल तर इराणच्या हखामनी साम्राज्याकडे जा. इसवी सनापूर्वी 480 च्या सुमारास जगातल्या 11 कोटी 24 लाख माणसांपैकी 4 कोटी 94 लाख तिथं राहत होती, म्हणजे 44 टक्के, असं छातीठोक सांगितलं जातं. अडीच हजार वर्षांपूर्वीची शिरगणती आणि तीही लाखाच्या हिशेबात! त्याच साम्राज्यासाठी दोन-तीन कोटींवर थांबणारे अंदाजही आहेत. अंश सर्वांत मोठ्या अंदाजातून उचलायचा आणि छेद लहानातून, की टक्केवारी आपोआप वर जाते. आकड्यात दशांश चिन्ह ठेवा. मोंढ्यातला माणूस भावात पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, पण दशांश चिन्हापुढं गप्प होतो.

काळाचा हिशेब सोपा आहे. रोमचं वय गरजेप्रमाणे 502 पासून 2205 वर्षांपर्यंत काहीही निघतं. पहिला सम्राट इसवी सनापूर्वी 27 मध्ये आला आणि पश्चिमेतला शेवटचा 476 मध्ये पडला असं धरलं तर 502. स्थापनेची दंतकथा इसवी सनापूर्वी 753 ची आणि शेवट कॉन्स्टँटिनोपल पडलं त्या 1453 चा घेतला तर 2205. सातवाहनांनाही हीच सोय आहे. पुराणातला आकडा साडेचारशेच्या पुढं नेता येतो, आणि नाणी-शिलालेख घेऊन बसलेले लोक अडीच-तीनशेवर आणून ठेवतात. पैठणकर पुराण वापरतात. बरोबरच आहे.

खरी मजा ‘प्रभाव’ या खात्यात आहे, कारण तिथं मोजमापच नाही. शून्य आणि दशमान अंक घ्या. ब्रह्मगुप्तानं 628 मध्ये शून्याचे नियम मांडले, नवव्या शतकात बगदादेत अल-ख्वारिझ्मीनं या अंकांवर ग्रंथ लिहिला, 1202 मध्ये पिसाच्या फिबोनाचीनं ते इटलीच्या व्यापाऱ्यांपुढं ठेवले. आता गुण वाटा. भारतवाला शंभरपैकी शंभर घेतो, अरबवाला ‘आम्ही नेलं नसतं तर?’ म्हणून शंभर घेतो, युरोपवाला ‘जगभर आम्हीच पसरवलं’ म्हणून शंभर घेतो. लातूर पॅटर्नमध्येही इतके गुण निघत नाहीत.

रोमवाला फारच चढला तर त्याला तेरला न्या. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे जुन्या ग्रीक लिखाणातलं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात लिहिलंय, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणचे अकीक दगड, तगरचं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला जायचे. (रस्त्याबद्दलचा मजकूर जुना झाला असं समजू नका.) तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेतून निघाली. तिथला ज्वालामुखी व्हेसुव्हियस 79 मध्ये फुटला, म्हणजे ती त्याआधीच तिथल्या एका घरात पोचलेली. रोमन लेखक प्लिनी त्याच काळात कुरकुरत होता, की भारत दरसाल आमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमची नाणी) ओढून नेतो. आता निकाल कसा द्यायचा ते तुमच्या पक्षावर आहे. रोमची नाणी इथं सापडली की रोमचा प्रभाव. आपली मूर्ती तिथं सापडली की आपला. आणि रोमवाला हेच शब्द उलटे करून म्हणाला तर ‘ते फक्त व्यापार होतं’ म्हणा. व्यापार हा शब्द नेहमी समोरच्याच्या प्रभावासाठी राखून ठेवावा.

अमेरिकेतल्या इंका-अ‍ॅझ्टेकांना यादीत खालीच ठेवायचं असतं. कारणही तयार आहे, 1532 मध्ये स्पेनच्या पिझारोच्या 168 माणसांनी इंकांचा राजा धरला. एवढ्यावर विषय मिटतो. पण गटात एखादा शेतीचा पदवीधर असतोच. तो म्हणतो, प्लेटमधली हिरवी मिरची मेक्सिकोकडची, सुशीलातले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले, दोन्ही पोर्तुगीज येण्याआधी इथं नव्हते, म्हणजे देवगिरीच्या यादवांनी जन्मात ठेचा खाल्ला नाही. घरची ज्वारी आफ्रिकेतून आलेली, आणि ज्याच्या भावासाठी सगळे थांबलेत ते सोयाबीन चीनकडचं. आपली म्हणायला तूर तेवढी.

हा माणूस धोक्याचा. मिरची इंकांच्या किंवा अ‍ॅझ्टेकांच्या खात्यात टाकावी तर ती त्यांच्याही हजारो वर्षं आधी कुणीतरी परसात लावलेली, आणि त्या कुणीतरीला ना राजधानी, ना नाणं, ना नकाशात रंग. तुमच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नाही, आणि एक रकाना वाढवला की वरची सगळी बेरीज मोडते. म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. हा विषय परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आहे असं सांगा, आणि पोटलीत (म्हणजे सौद्यात) भाव किती निघाला ते बघायला त्यालाच पाठवा.