पुढच्या वर्षी बघू

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक आहात. (हा फुटबॉल बहुतेक वेळ हातानेच खेळतात. एवढं एकदा मान्य केलं की पुढचं सगळं पटत जातं.) पगार विद्यापीठाच्या अध्यक्षापेक्षा जास्त, वय अठ्ठ्याहत्तर, आणि लोक कुजबुजायला लागलेत. घाबरू नका. थोरामोठ्यांनी वाट मळून ठेवली आहे.

निवृत्तीची तारीख कुणालाही सांगायची नाही. यासाठी जे कारण द्यायचं ते तर खोटंही नाही. सतरा वर्षांच्या पोराला आपल्या संघात आणायचं तर त्याच्या आईला सांगावं लागतं, ‘काळजी करू नका, चारही वर्षं मी आहे.’ तारीख फुटली की पोरगं प्रतिस्पर्ध्याच्या दारात. म्हणून दरवर्षी नवी पोरं, दरवर्षी चार वर्षांचा नवा शब्द. आणि दिलेला शब्द मोडणारे आपण नव्हेत!

तरीही कुणी खोदून विचारलं, तर बेअर ब्रायंट काढा. अलाबामाचे हे दिग्गज 323 विजय गाठीला बांधून डिसेंबर 1982 मध्ये थांबले आणि शेवटच्या सामन्यानंतर 28 दिवसांनी गेले. हे ऐकवल्यावर राजीनामा मागायला आलेला माणूस तुमचा जीवच मागतोय असं वाटायला लागतं. ब्रायंट यांची प्रकृती आधीपासूनच ढासळलेली होती, हे मात्र सांगत बसू नका. फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडेन तर म्हणायचे की निवृत्तीनंतर आयुष्यात एकच मोठी घटना उरते. यावर कोण काय बोलणार?

मुलाची सोय वेळेत लावा. बाउडेन यांच्याकडे आक्रमणाची सूत्रं मुलाकडे, जेफकडे होती. प्रेक्षकांनी इतका शंख केला की 2006 मध्ये त्याला जावं लागलं. वडील राहिले. आयोवात कर्क फेरेंट्झ 1999 पासून आहेत. तिथे त्यांचा मुलगा ब्रायन आक्रमण बघायचा, आणि 2023 च्या त्याच्या करारात विद्यापीठाने चक्क लिहून घेतलं की संघाने सामन्यामागे सरासरी 25 गुण केले पाहिजेत. संघ त्या आकड्याच्या आसपासही फिरकला नाही. त्या वर्षाअखेर मुलगा बाहेर पडला. वडील? अर्थात राहिले.

युवराज मात्र नेमू देऊ नका. बाउडेन इथे चुकले. 2007 मध्ये जिम्बो फिशर यांना ‘भावी प्रशिक्षक’ म्हणून शेजारी बसवलं आणि दोन वर्षांत, ऐन ऐंशीच्या तारुण्यात, बाउडेन यांना घरी जावं लागलं.

कधी तुमचं नाव स्टेडियमला देऊन गोडीगुलाबीने काटा काढायचा प्रयत्न होईल. खुशाल नाव देऊ द्या. कॅन्सस स्टेटचे बिल स्नायडर 2005 मध्ये निवृत्त झाले, स्टेडियमला त्यांच्या कुटुंबाचं नाव लागलं, आणि 2009 मध्ये स्वारी त्याच स्टेडियमवर पुन्हा कामाला हजर! मग 79 व्या वर्षापर्यंत हलले नाहीत.

आणि घरी शिष्टमंडळ आलं तर? पेन स्टेटचे जो पटर्नो यांच्याकडे 2004 मध्ये आलं होतं. अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर, क्रीडा संचालक टिम कर्ली वगैरे. पाच हंगामांपैकी चारांत विजयांपेक्षा पराभवच जास्त झाले होते, आता थांबा म्हणाले. पटर्नोंनी साफ नकार दिला आणि मंडळी आली तशी परत गेली. पुढच्याच वर्षी संघाने 12 पैकी 11 सामने जिंकले. झालं, आता कोण बोलतंय! 2006 मध्ये एक खेळाडू अंगावर आदळून पाय मोडला, तर काही काळ वरच्या काचेच्या खोलीत बसून प्रशिक्षण.

याच कर्लींकडे पटर्नोंनी 2001 मध्ये आपला जुना सहायक जेरी सँडस्कीबद्दल कानावर आलेली गोष्ट पोचवली होती. कागदोपत्री कर्ली वरिष्ठ. पण ज्या वरिष्ठाला घरातून रिकाम्या हाताने परत पाठवता येतं, तो कसला वरिष्ठ? पोलिसांना कुणीच कळवलं नाही. सँडस्कीने केलेले मुलांवरचे अत्याचार 2011 मध्ये चव्हाट्यावर आले तेव्हा विश्वस्तांनी 84 वर्षांच्या पटर्नोंना रात्री फोनवरून काढलं. ब्रायंट यांची गोष्ट मनात बाळगलेला हा माणूस त्यानंतर अडीच महिन्यांनी कर्करोगाने गेला. या परिच्छेदासाठी माझ्याकडे सल्ला नाही.

आपण नॉर्थ कॅरोलिनाकडे वळू. 2024 च्या सप्टेंबरमध्ये मॅक ब्राउन यांच्या संघाने जेम्स मॅडिसनसारख्या दुय्यम समजल्या जाणाऱ्या पाहुण्या संघाकडून घरच्या मैदानावर 70 गुण खाल्ले. नोव्हेंबरात ब्राउन म्हणाले, पुढच्या वर्षीही मीच. लगेच विद्यापीठाने त्यांना नारळ दिला. वय 73. आता नव्या दमाचा माणूस हवा, म्हणून डिसेंबरात व्यावसायिक फुटबॉलमधले नामांकित प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना आणलं. वय 72. कॉलेज संघाचं प्रशिक्षकपद त्यांनी पूर्वी कधी भूषवलेलं नव्हतं. बचावाची बाजू सांभाळायला ते आपल्या मुलाला, स्टीव्हला, सोबत घेऊन आले.