‘पैशांचा नाद सोडा’ हा सल्ला चोरांच्या सोयीचा आहे

गेल्या दिवाळीपासून एक मेसेज गटागटांत फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ‘कोकणातल्या बुकिंगमध्ये फसलात तर नाद सोडा. आपणच पाठवलेले पैसे परत येत नाहीत. पोलीस म्हणतात, जिथे घडलं तिथे जा. दहा-पंधरा हजारांसाठी कुणी हलत नाही. हॉटेलवालेही सामील असतात.’ आणि खाली पैसे परत मिळवून देणाऱ्या एका एजंटचा नंबर.

मालवणजवळ देवबागला आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

सामील असण्याचं आधी. नाताळच्या रात्री नऊच्या सुमारास पुण्याचं एक कुटुंब आमच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उतरलं. मोबाइलमध्ये पावती होती. नाव आमचं, फोटो आमचे, पडवीतल्या झोपाळ्यासकट. नंबर मात्र आमचा नव्हता. गुगलच्या नकाशावर आमच्या नावापुढचा नंबर कुणीतरी बदलला होता. अशी दुरुस्ती कुणालाही सुचवता येते. आठ हजार त्यांनी चार दिवसांपूर्वी भरले होते. उरलेले सहा हजार त्याच संध्याकाळी, कणकवली सोडल्यावर, ‘आत्ता भरा, नाहीतर खोली दुसऱ्याला देतो’ असा फोन आल्यावर. बाई पायरीवर बसून रडत होत्या, त्यांचे यजमान माझ्या नवऱ्यावर आवाज चढवत होते. सासूबाई म्हणाल्या, “आधी जेवा, मगे काय ता बघूया.” मी मात्र जेवणाआधी १९३०, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, लावायला लावला.

‘आपणच पाठवलेले परत येत नाहीत’ यात अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम सांगतो की बाहेरच्या कुणी आपल्या परवानगीशिवाय पैसे काढले, त्यात आपली आणि बँकेची चूक नसली आणि आपण कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना हे कवच नाही. पण १९३० चं काम भरपाई देण्याचं नाही, पैसे वाटेत अडवण्याचं आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. तक्रार नोंदली की ती थेट पैसे गेलेल्या बँकेकडे पोचते. रक्कम खात्यात असेल तर ती रोखली जाते, पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. एटीएममधून रोख निघाली की माग तिथेच थांबतो. म्हणून इथे तास मोजायचे असतात, दिवस नाही.

फोनवर रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारला. तो नंबर यूपीआयच्या ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. घाबरलेल्या माणसाला तो पटकन सापडत नाही, त्या दोघांनाही सापडेना. माझ्या मुलाने काढून दिला. सहा हजार अडकवता आले. आठ हजार गेले ते गेलेच. अडवलेली रक्कम हातात यायला कोर्टाचा आदेश लागला आणि सात महिने गेले. हे लपवण्यात अर्थ नाही, पण सहा हजार परत आले.

‘जिथे घडलं तिथे जा’ हे साफ चूक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पुण्याच्या माणसाने मालवणला खेपा घालायची गरज नाही. मात्र १९३० वरची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे, तोही मागून घ्या.

समोरचा व्यावसायिक खरा असेल आणि स्कूबाचं पॅकेज रद्द करून पैसे देत नसेल, तर वाट वेगळी आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही.

त्या एजंटला चुकूनही फोन करू नका. १९३० ला एक पैसा लागत नाही. ‘फाइल चार्ज’ मागणारा माणूस पोळलेल्यालाच दुसऱ्यांदा लुटतो.

राहिली रक्कम छोटी असण्याची गोष्ट. नाताळनंतर चार दिवसांनी साताऱ्याहून एका गृहस्थांचा फोन आला. ओळखीतून आमचा खरा नंबर मिळवून ते बुकिंगची खात्री करत होते. पाच हजार त्यांनी २० डिसेंबरला भरले होते, आणि २२ तारखेलाच त्यांना शंका आली होती. तक्रार का नाही केली, असं मी विचारलं. तर त्यांनी हाच मेसेज मला पाठवला. सोबत पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट होता. पुण्याच्या बाईंनी सहा हजार पाठवले होते तोच यूपीआय आयडी.